घरात उपास, गल्लीत पंगत

४ जानेवारी, अकोला

ज्योत्स्ने, हे वाचायला बसशील तेव्हा चष्मा घरभर शोधू नको, तो तुझ्या डोक्यावर आहे. आणि गॅसवर दूध ठेवून आली असशील तर आधी ते बंद करून ये. आम्ही कुठं पळत नाही.

मी सांगते, तुझे बाबा लिहितात. मला अक्षर येत नाही हे सगळ्या जुन्या शहराला ठाऊक आहे. लग्नानंतर ह्यांनी माझ्यासाठी पाटी आणली होती. मी म्हटलं, दोघंही लिहीत बसलो तर बोलायचं कोणी? ह्यांची सगळी नोकरी तहसील कचेरीत लोकांच्या कागदांच्या नकला करण्यात गेली. आता घरच्या बाईची नक्कल करा म्हटलं. खोड एकच आहे. मी ‘मले’ म्हणते, हे ‘मला’ लिहितात. विचारलं तर म्हणतात, “कागदावर बाई जरा नीट नेसून बसली पायजे.”

ही लिहिण्याची टूम कशाला, तर तुला सांगितलेलं दोन दिवस टिकत नाही. मागल्या महिन्यात एकाच दुपारी तू तीनदा फोन करून विचारलंस, आई जेवली का. तिसऱ्यांदा मी म्हटलं, जेवली, निजली, उठली, आता उद्याचं विचार. म्हणून लेखी ठेवते. पुढं भांडणात कामी येईल. तुझ्या हाती कधी द्यायचं ते मी ठरवीन, तोवर तुझ्याविषयी खरं बोलायला मोकळी.

काल देवानंदरावांचा फोन आला. जावई गरीब स्वभावाचा, वाईट बातमीसुद्धा मटार सोलल्यासारखी एकेक दाणा काढून देतो. आधी म्हणे थंडी फार आहे. मग म्हणे ज्योत्स्ना घरीच आहे. मग म्हणे हाताला जरा लागलं. शेवटी कळलं, मनगट मोडलं. स्कुटी जागेवर उभी होती, स्टँडवर लावताना कलली, तू हात टेकवला, झालं. ना खड्डा, ना ट्रक, ना आडवं आलेलं कुत्रं. हाडाच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं आणि म्हणाला, एवढ्याशानं मोडायला नको होतं, हाडांची घनता मोजून घ्या.

मी चौऱ्याहत्तरची. कापसाच्या जिनिंगात कामाला होते तेव्हा गंजीवरून थेट फरशीवर आले होते, लुगडं झटकलं आणि परत चढले. तू सत्तेचाळीसची. उद्याच्या एसटीनं निघतो.

७ जानेवारी, अमरावती

आज तुझी हाडं मोजली. मला वाटलं होतं, माठ घेताना टिचकी मारून पाहतात तसं काही असेल. तसं नाही. पलंगावर निजवलं, वरून एक दांडी हळूहळू फिरली, चहा उकळेपर्यंत काम आटोपलं. मोडलेला हात सोडला आणि चांगल्या हाताचं मनगट मोजलं. मशीनवरच्या पोरीला मी विचारलं, “दुखते काय वं?”

“नाही आजी, फोटो काढल्यासारखं आहे.”

“मंग माह्या पोरीले जरा हसायले तरी सांग.”

कागदावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आले. तुझा ठिपका कुठं पडला ते बघायला मलाही अक्षर लागलं नाही. बाकीचं ह्यांनी वाचलं.

“कंबर उणे दीड. खुबा उणे पावणेदोन.”

“अन् मनगट?”

ह्यांनी चष्मा काढून पुसला. “उणे साडेतीन.”

“उणे म्हणजे काय, ते सांगा.”

“तीस वर्षांच्या तगड्या बाईच्या हाडासंगं तोलतात. तिच्याइतकं भरलं तं शून्य. कमी भरलं तं उणे.”

“कोन होय ते बाई? मले दाखवा एकडाव. सगळ्या जगाच्या बाया तिच्यासंगं तोलून राहिले!”

तू हसशील वाटलं होतं. तू भिंतीवरचं घड्याळ बघत होतीस.

हाडाच्या डॉक्टरनं कागद पाहिला, तुझ्याकडं पाहिलं, परत कागद पाहिला. म्हणाला, वयानं झिजतात तेव्हा आधी पाठ आणि खुबा झिजतो. इथं मनगट सगळ्यात खाली आहे. वर पाळीही अजून चालू आहे. हे नेहमीसारखं नाही, ग्रंथींच्या डॉक्टरांना दाखवा.

‘नेहमीसारखं नाही’ हे मला आवडलं नाही. हे म्हणाले, त्याचा अर्थ वाईट असाच नाही. कागद वाचणाऱ्या माणसाचं असं असतं. पण घरी आल्यावर ह्यांनी तो कागद घडी उलगडून उलगडून किती वेळा वाचला, ते ह्यांनाच विचार.

१२ जानेवारी, अमरावती

ग्रंथीवाल्या बाईंची वेळ पुढल्या आठवड्यातली मिळाली. तोवर कशाला वाट पाहायची? डबा रिता झाला की भरायचा, त्याला डॉक्टर कशाला लागतो. सकाळी दूध आणि खारीक. दुपारी तिळाचा लाडू. दह्यात गव्हाच्या दाण्याएवढा चुना, हे माझ्या सासूचं औषध. वरून हाडाच्या डॉक्टरनं दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या.

तू सगळं घेतलंस. एका शब्दानं भांडली नाहीस. मागं तू माझ्या लाडवाला म्हणायचीस, “आई, याचा एक फेकून मारला तं चोर पडते.” आता लाडू हातात घेतेस, अर्धा खातेस, अर्धा ताटलीत ठेवतेस आणि म्हणतेस, “छान झाला.” वय वाढलं की लेकी सुधारतात, असं मी ह्यांना म्हटलं. ह्यांनी तो अर्धा लाडू उचलून डब्यात ठेवला.

पाणी मात्र तू म्हशीसारखं पितेस. थंडीत उशाला दोन बाटल्या. मी म्हटलं चांगलं आहे, पोट साफ राहील, तर तेही राहत नाही म्हणालीस.

शिकवणीची संध्याकाळची बॅच तू सोडलीस हे मला जावयाकडून कळलं. बारावीच्या पोरांचं गणित, तुझं आवडतं. मी म्हटलं बरं केलंस, घराला वेळ मिळेल. तू म्हणालीस, “हो आई.” घराला वेळ मिळाला खरा. त्या वेळात तू भिंतीकडं तोंड करून निजतेस. पुण्याहून आरतीचा फोन आला तर लेकीशीसुद्धा दोन वाक्यं बोलून माझ्याकडं दिलास. आरती म्हणाली, “आजी, आई माझ्यावर चिडली आहे का?” मी म्हटलं, “नाई वं, हात दुखते तिचा.” कान दुखत नव्हता, तोंड दुखत नव्हतं, हे मला फोन ठेवल्यावर सुचलं.

१९ जानेवारी, अमरावती

आज जे झालं ते नीट लिहा. काही गाळू नका.

ग्रंथींची डॉक्टर बाई आहे, वयानं तुझ्याएवढीच. कागद बघून तिनं पहिलं काय केलं, तर त्या तीस वर्षांच्या बाईला बाजूला काढलं. म्हणाली, पाळी चालू असलेल्या बाईला तिच्याच वयाच्या बायकांशी तोलायचं. मी म्हटलं, आता बोलली. पण तसं तोलूनही मनगट खालीच राहिलं.

मग तिनं विचारलं, “मुतखडा झाला होता का कधी?”

देवानंदराव म्हणाले, “दोनदा झाला मॅडम. पण ते काही विशेष नाही. हिचं माहेर अकोल्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिकडचं पाणीच खारट. सगळ्यांनाच होतात.”

खरंच आहे ते. आमच्याकडं मुतखडा हा आजार धरतच नाहीत. लग्नात कोण कोण आलं ते सांगावं तसे लोक आपापले खडे सांगतात. तुझी सोनोग्राफी केली तेव्हा त्या माणसानंही आधी माहेरचं गाव विचारलं, आणि मग पुढं काहीच विचारलं नाही. पण आज मला राग आला. उठसूट आमच्या पाण्याच्या माथी मारायचं म्हणजे काय?

मी म्हटलं, “बाईसाहेब, आमच्या पाण्याले उगीच नावं नका ठेवू. हे पोरगी लग्न झाल्यापासून अमरावतीत धरणाचं गोड पाणी पिऊन राहिली. माहेरी आली तं बाटली संगं आणते, आमच्या माठाले हात लावत नाई. म्या जलमभर खारं पिलं, मले एक खडा नाई.”

डॉक्टरबाईचा पेन थांबला. “खडे लग्नाआधी झाले की नंतर?”

“नंतरच,” तू म्हणालीस. “दोन्ही गेल्या काही वर्षांतले.”

मग ती विचारत गेली आणि तू सांगत गेलीस. तहान? फार. भूक? नाही. थकवा? उठल्यापासून. हाडं दुखतात? सगळी. मी शेजारी बसून ऐकत होते आणि वाटत होतं, ही कोणाची लेक बोलून राहिली?

“रडू येतं का? कारण नसताना?”

“येतं.”

“विसरायला होतं?”

तू म्हणालीस, “फळ्यावर गणित सोडवत होते. निम्मं झालं आणि पुढची पायरी आठवेना. पोरांना वाटलं, मॅडम मुद्दाम थांबल्या, आपल्याला विचारतात. एक पोरगी उठून सांगायला लागली. मी हो हो म्हणत गेले. ती बरोबर सांगते की चूक, तेही मला कळत नव्हतं.” मग प्लास्टरवरची धूळ झटकल्यासारखं केलंस. “माझ्या आत्याचं असंच सुरू झालं होतं. मग तिला तिची मुलंसुद्धा ओळखू येईनात. म्हणून मी बॅच सोडली. कोणाला सांगितलं नाही.”

तुझी आत्या म्हणजे ह्यांची सख्खी बहीण.

लिहा ना. काहून थांबले? पेन संपला म्हणतात. पेन संपला नाही, मी कालच नवा आणून दिला.

डॉक्टरबाईनं रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “आत्याचं राहू द्या, तुमचं बघू. मला वेगळीच शंका आहे.”

पहिल्या पानावर मी चष्म्याचं आणि दुधाचं बोलले ते काढून टाकायचं का, असं मी ह्यांना विचारलं. म्हणाले, “नकलेत खाडाखोड चालत नाही.”

२० जानेवारी

आज काही सांगण्यासारखं नाही. चुन्याचा दाणा दिला. तू घेतलास.

२७ जानेवारी, अमरावती

रक्त आलं. म्हणजे रक्ताचा कागद. रक्तात कॅल्शियम जास्त आहे. साडेदहाच्या आत पाहिजे ते साडेअकराच्या वर गेलं.

मी म्हटलं, पाहा, माझे लाडू लागू पडले. डॉक्टरबाई हसली आणि म्हणाली, “आजी, लाडवानं एवढं चढत नाही. जेवणातलं दूध, तीळ चालू द्या. पण गोळ्या आणि चुना आजपासून बंद.”

“बंद? हाडात कमी आहे तं बंद काहून? शेतात पाणी कमी आहे म्हणून कोनी मोट बंद करते काय?”

देवानंदरावांनी डोळ्यांनी मला गप्प बसायला सांगितलं. मी बसले नाही. तीही चिडली नाही. तिनं खुर्ची माझ्याकडं फिरवली आणि सावकाश सांगितलं. गळ्यात चार बारक्या ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्यांचं काम पहारा. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की हाडातून थोडं काढून द्यायचं, पुरे झालं की थांबायचं. ज्योत्स्नाच्या चारांतली एक बिघडली असावी. तिला थांबायचं कळत नाही. ती हाडातून काढतच राहते, रक्तात ओततच राहते. हाडं रिकामी होतात, आणि त्यातही मनगटाला आधी झळ लागते. रक्तातलं जास्तीचं मूत्रात उतरतं, त्याचे खडे होतात. आणि जास्त कॅल्शियमचं रक्त डोक्यात फिरलं की माणूस थकतं, उदास होतं, विसरतं.

मी म्हटलं, “म्हणजे कोठीवर राखणदार ठेवला, अन् तोच रात्रंदिवस आमची ज्वारी काढून गल्लीत ओतून राहिला.”

“अगदी तसं.”

“घरात उपास अन् गल्लीत पंगत.”

“हो आजी.”

“मंग आमी वरून ज्वारी टाकली तं ते बी गल्लीतच जाईन.”

डॉक्टरबाई तुला म्हणाली, “तुमच्या आईला कळलं.” कळलं तर खरं. पण कळल्यानं बरं वाटतं असं थोडंच आहे. इतके दिवस मी भरवत होते आणि तुझ्या तोंडाकडं बघून म्हणत होते, आता रंग आला.

उपाय काय, तर त्या राखणदाराला काढायचं. नागपूरला आणखी एक फोटो काढून चारांतली कोणती ते हुडकायचं, मग गळ्याला छोटी चीर. बाकीच्या तिघी काम सांभाळतात. तू एकच विचारलंस, “आणि विसरणं?”

ती म्हणाली, “पुष्कळांचं सुधारतं. शब्द देत नाही. पण आत्यासारखंच आहे असं मी आज म्हणणार नाही.”

येताना ऑटोत तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवलंस. पंचवटी चौक येईपर्यंत ठेवलंस. मी काही बोलले नाही. माझ्याकडून हे होतं, हे ह्यांनाही नवीन होतं.

५ फेब्रुवारी, अमरावती

नागपूरच्या फोटोत ती सापडली. डाव्या बाजूची खालची, फुगून बोराएवढी झालेली. सर्जननं ऑपरेशन समजावून सांगितलं, तेही प्रामाणिकपणे. आवाजाची नस तिथूनच जाते म्हणाला. क्वचित धक्का लागतो, आवाज बसतो. बहुतेकांचा परत येतो, एखाद्याचा येत नाही.

घरी आल्यावर तू दप्तर ठेवावं तशी पर्स ठेवलीस आणि म्हणालीस, “मले नाई करायचं ऑपरेशन.”

कितीतरी दिवसांनी तू वऱ्हाडी बोललीस, तेही नाही म्हणायला.

“काहून नाई?”

“फळा तं गेलाच आई. आता आवाज बी गेला तं मी कोन राहीन? हाड मोडते तं मोडू दे. प्लास्टर घालता येते.”

हे म्हणाले, “सर्जन क्वचित म्हणाला ना पोरी.”

“बाबा, उणे साडेतीन बी क्वचितच असते. ते कोनाले आलं?”

देवानंदराव संत्री सोलायला बसले. संत्र्यांच्या शेंदूरजनाघाटचा माणूस, संकटात दुसरं काही सुचत नाही. शिरा काढून एकेक फोड बशीत मांडत होते. बशी भरली, दुसरी घेतली. खात कोणीच नव्हतं.

मी तुझ्यावर ओरडणार होते. जिभेवर आलंही होतं, की मी या वयात तुझी उष्टी ताटं उचलून राहिली आणि तू नखरे करते. पण मग वाटलं, आवाज गेला तर काय, हे या घरात सगळ्यांत जास्त कोणाला कळावं? माझ्याजवळ दुसरं आहे काय? लिहिता येत नाही, वाचता येत नाही. जे आहे ते तोंड. ते गेलं तर मी म्हणजे नुसतं लुगडं.

म्हणून मी म्हटलं, “गेला तं गेला. तू लिहून दे, देवानंदराव वाचून दाखवतील. आपल्या घरी एकाचं तोंड अन् दुसऱ्याचा हात, असंच चालते. माह्यं नाई चाललं काय इतके वर्षं?”

“तुह्यं तोंड थांबत नाई म्हणून चाललं,” हे म्हणाले. “हात तं कवाचाच थकला.”

देवानंदरावांनी फोड सोलता सोलता मान वर केली. “मी वाचलं तर पोरं झोपतील पण.”

“झोपू द्या,” मी म्हटलं. “ऑपरेशनशिवाय शिकवलं तं ते जागीच राहतील, अन् मॅडम झोपतीन.”

तू आधी ओठ दाबलेस. मग खांदे हलले. मग हसलीस, अशी की प्लास्टरचा हात टेबलावर आपटला. हसता हसता कधी रडायला लागलीस ते कळलं नाही. देवानंदराव उठले आणि बशीच तुझ्यापुढं धरली, जणू तुझं रडू त्यात मावेल. तू एक फोड खाल्लीस. मग आणखी एक.

“आवाज राह्यला,” तू म्हणालीस, “तं तुमच्या सगळ्याइची एकेकाची हजेरी घेतो मी.”

“घे वं माय. पहिले तारीख घे.”

२४ फेब्रुवारी, नागपूर

सकाळी तुला आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर. हे लिहितात. अक्षर वाकडं येत असेल, मला त्यातलं कळत नाही, पण पेनाचा आवाज रोजचा नाही.

मी म्हटलं ठेवा आता. हे म्हणाले, “तू बोल. तू बोलली की बरं वाटते.” मी काय बोलू? समोरच्या बाईनं चपला उलट्या घातल्या आहेत. चहावाला आला आणि गेला. तेच लिहा.

दुपारी. झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाला, काढली, रक्तातला आकडा लगेच उतरला. देवानंदरावांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात. मी विचारलं, “अन् आवाज?” म्हणाला, “नस चांगली आहे. पण ती बोलेल तेव्हाच खरं.”

तू डोळे उघडलेस. ओठ हलवलेस, आवाज आला नाही. सिस्टर म्हणाली घसा कोरडा आहे, घाई करू नका. मी काही घाई केली नाही. नुसती तुझ्या ओठांकडं बघत होते. तू बोलायला शिकत होतीस तेव्हाही इतकी वाट पाहिली नव्हती, तेव्हा तर ही कधी गप्प बसते असं व्हायचं.

मग घोगरा, फाटका, ओल्या लाकडासारखा आवाज आला. “बाबा जेवले?”

ह्यांनी हे सगळं उभ्यानं लिहिलं आहे. आता बसा म्हणते.

२६ फेब्रुवारी, नागपूर

सकाळी तुझ्या ओठांना आणि बोटांना मुंग्या यायला लागल्या. मी घाबरले, सिस्टरच्या मागं धावले. ती म्हणाली असं होतं, कॅल्शियम उतरलं आहे, आणि औषध दिलं. राउंडला डॉक्टर आले तेव्हा मी विचारलं, एवढे दिवस जास्त झालं म्हणून ओरडत होते, आता कमी कसं?

ते म्हणाले, “आजी, हाडं इतकी वर्षं उपाशी होती. आता लुटणारा गेला, तर दिसेल ते ओढून घेतात. आम्ही याला भुकेलं हाडच म्हणतो. काही दिवस गोळ्या भरपूर द्याव्या लागतील, आणि खाऊ घाला.”

एवढ्या मोठ्या इस्पितळात, एवढ्या मशिनी, एवढे कागद. आणि शेवटी जे सांगितलं ते मला जन्मापासून येतं.

९ मार्च, अमरावती

हे फोनवरून लिहून घ्या. तुम्ही अकोल्याला, मी इथं, म्हणून नक्कल थांबायचं कारण नाही. फोन कानाला आणि खांद्याला धरा, हात मोकळा राहील. मान दुखली तर दुसरा खांदा आहे.

ज्योत्स्नाचं प्लास्टर निघालं आहे. हाडांचा आकडा भरून यायला वर्ष, दोन वर्षं लागतील म्हणतात. पुढल्या साली परत मोजू. विसरणं अजून आहे. काल दूध उतू गेलं. पण पाणी कमी झालं, दुपारचं निजणं कमी झालं. आरतीशी परवा तासभर बोलली, मला फोन दिलाच नाही. खोलीत दार लावून एकटीच गणित सोडवून पाहते. कधी बाहेर येते ती हसत येते, कधी नाही. बॅचचं मी विचारत नाही. तुम्हीही विचारू नका.

आता आजचं. दुपारी मी ताट वाढलं. वरण, भात, दोडक्याची भाजी. तिनं एक घास घेतला, ताट सरकवलं आणि म्हणाली, “आई, हे काय बेमार माणसाचं जेवण करून राहिली रोज रोज? ना मीठ, ना तिखट. हात आखडला काय तुहा?”

मी म्हटलं, “मोठी आली! महिनाभर छान झाला, छान झाला म्हणून गिळत होती ते?”

“तवा चव कोनाले समजत होती!”

“अन् आता समजते?”

“आता समजते म्हणून तं सांगून राहिली, हे खराब आहे!”

आवाज अजून थोडा घोगरा आहे, पण शेजारच्या घरी गेला. शेजारीण खिडकीतून म्हणाली, काय झालं वं मायलेकींना? देवानंदराव आतून धावत आले, ते बघतच उभे राहिले. मी तोंडाला पदर लावला. तिला वाटलं, भाजीला नाव ठेवलं म्हणून आईला लागलं. वाटू दे.

हे लिहिलं का? ‘पदर लावला’ लिहिलं का? ते राहू द्या. आणि तिकडून नाकाचा आवाज येतो आहे, नाक पुसून घ्या, वाफ घ्या.

तर ऐका. तिला मुंगवड्यांची भाजी पाहिजे, रस्सा लाल, तिखट. इथल्या बाजारच्या मुंगवड्या विरघळतात. आपल्या घरच्या, उन्हात वाळवलेल्या काढा, फळीवरच्या जुन्या डब्यातल्या नको, त्याला वास आला असेल. औंदाच्या, उतरंडीजवळच्या. वाटाण्याएवढ्या बारक्या निवडून बाजूला ठेवा, मोठ्या पाठवा. सोबत लाल मिरचीचं तिखट, आपल्या गिरणीतून दळलेलं, कागदात बांधून वर पिशवी घाला, नाहीतर एसटीभर शिंका. सकाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ द्या, डब्यावर नाव ठळक लिहा. आणि घरातल्या तीन माणसांपुरत्या मोजून नका पाठवू. रोज भांडणाऱ्या दोन बायांना पुरतील एवढ्या पाठवा.